पहिली पायली

दोस

"दोस," नाना म्हणाले आणि दुसरी पायली पोत्यात ओतली.

"नाना, आधी उनो. उनो म्हणजे एक. तुम्ही परत लाभ म्हणालात."

"मग काय म्हणू?"

"उनो."

"ते मी नाही म्हणायचो. दोसपासून पुढं तू शिकवशील तसं म्हणतो."

जानेवारीतली सकाळ होती. पायरीपाशी ऊन आलं होतं आणि आम्ही दोघं बाजरीच्या पोत्याशी बसलो होतो. मी बावीस वर्षांची, नाना, म्हणजे माझे वडील, साठीच्या पुढचे. पायली म्हणजे त्यांचं धान्य मोजायचं पितळी माप, कडेला घासून घासून पातळ झालेलं. छत्तीस वर्षं ते बाजार समितीत मापाडी होते. आमच्या गावात त्यांना पुंजाराम गांगुर्डे म्हणून कुणी ओळखत नसे. पुंजा मापाडी म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा घर दाखवायचं.

आई चुलीपुढून म्हणाली, "ती बाजरी ह्या पोत्यातून त्या पोत्यात, त्या पोत्यातून ह्या पोत्यात. चक्कर आली असंल तिला."

"तुझ्या पोरीला नोकरी लागू राहिली," नाना म्हणाले. "बाजरीला म्हणावं, सोस जरा."

त्रेस

नोकरीचं असं होतं. गावाबाहेर बाळासाहेब बोरस्त्यांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. मी तिथं हंगामापुरती होते, पेट्यांवर लेबलं चिकटवायला. त्या वर्षी पहिल्यांदा स्पेनची पार्टी येणार होती. बाळासाहेबांनी आम्हा सगळ्या पोरींना उभं केलं आणि विचारलं, "कोण शिकतं त्यांची मोजणी? इंग्रजी त्यांचंही तुटकं, आपलंही तुटकं. पण माल भरताना त्यांच्या भाषेत आकडा ऐकला की माणूस खूश होतो. हॉलंडवाल्यांच्या वेळी बघितलंय मी. जी शिकेल तिला ऑफिसात खुर्ची. बारमाही."

मी हात वर केला. बीकॉम होऊन दीड वर्ष लेबलं चिकटवत होते.

नाशिकला जाऊन एक जुनं पुस्तक आणलं, त्याच्याबरोबर सीडी होती. पहिल्याच धड्यात एक बाई संथ आवाजात म्हणायची, "नो से कोन्तार." मला मोजता येत नाही. मग, "नो साबेस कोन्तार." तुला मोजता येत नाही. मग, "नो साबे कोन्तार." त्याला मोजता येत नाही. त्यानंतर उनो, दोस, त्रेस सुरू.

दहापर्यंत दोन दिवसांत आले. अकरापासून पंधरापर्यंत नुसता चिखल. ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से. पाठ केलं की संध्याकाळी जमायचं, सकाळी पुसलेलं असायचं. आठवडाभर मी घोकत होते आणि नाना शेजारी बसून पोती शिवत होते. एक दिवस दाभण बाजूला ठेवून म्हणाले, "तू बसून बसून पाठ करू राहिली म्हणून होईना. मोजणी तोंडात नसते. हातात असते. उठ, पोतं आण."

मग रोज सकाळी बाजरी. पायली भरायची, तळहातानं सपाट करायची, ओतायची, ओतता ओतता आकडा म्हणायचा. आकडा लांबवायचा, धान्य पडून संपेपर्यंत. सीडीतली बाई आकडा पटकन म्हणून गप्प व्हायची. नाना तो आकडा ओढत न्यायचे, "क्वाऽऽत्रो", "सिंऽको", जसे बाजारात "चाऽऽर", "पाऽच" ओढायचे तसे. चौथ्या दिवशी कातोर्से माझ्या मनगटात आलं. तिथून हललं नाही.

नानांचे आकडे मात्र माझ्याआधी पाठ झाले. त्यांचं शिक्षण चौथी. मी चुकले की ते पायली हवेतच धरून थांबायचे आणि सीडीतल्या बाईच्या आवाजात म्हणायचे, "पमे, नो साबेस कोन्तार."

आई हसायची. "काय म्हणू राहिले तिला?"

"तिला मोजता येत नाही म्हणतोय. फॉरेनमधी."

क्वात्रो

लाभचं सांगायला हवं.

आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. सगळेच मापाडी म्हणायचे. पण नानांचं त्यात जास्त होतं. मी विचारलं होतं का म्हणून.

"पहिलं माप आपलं नसतं," ते म्हणाले. "त्याला आकडा लावायचा नाही. आकडा लावला की ते तिथंच संपलं. लाभ म्हटलं की मागून येतं."

"स्पेनमध्ये नसतं असं."

"त्यांच्याकडं धान्य नसतं का?"

"असतं की."

"मग असंल कायतरी. पुस्तकात लिहिलं नसंल."

मी नाद सोडला. आकडे माझ्या डोक्यात बसले ते लाभपासूनच. मी एकटी रस्त्यानं चालताना पावलांवर म्हणायचे, "लाभ, दोस, त्रेस, क्वात्रो." मग जीभ चावून परत पहिल्यापासून, "उनो."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी बाळासाहेबांना शंभरपर्यंत म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी कुठं अडखळत नाही एवढं कळलं.

"कुणी शिकवलं?"

"सीडीवरून."

बाजरीचं बोलले नाही. नानांना झाकायला मी तेव्हाच सुरुवात केली होती.

मग ते म्हणाले, "पेट्या भरताना पुकारायला खणखणीत आवाज लागतो. तुझा आवाज बारीक. तुझ्या वडलांना येईल का पुकारता? बाजार समितीत काटे आल्यापासून मापाडी बसूनच आहेत ना?"

"त्यांना येतं," मी म्हटलं. "शंभरच्या पुढंही येतं."

"मग झालं. ते पुकारतील, तू पार्टीशेजारी कागद घेऊन उभी राहा. हा हंगाम नीट गेला तर दर हंगामाला त्यांचं काम पक्कं. पुंज्या मापाड्याच्या मोजणीला परत मोजणी नाही, हे आपल्याला माहितीये. त्या स्पेनवाल्यालाही कळू दे."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नाना उठले. मोरीत जाऊन त्यांनी पायली चिंच लावून घासली. पॅकहाऊसमध्ये पायलीचं काही काम नव्हतं.

सिंको

स्पेनहून आलेल्या माणसाचं नाव बेनितो. पन्नाशीचा, बुटका, उन्हानं भाजलेल्या मानेचा. स्वतःची वेलींची बाग असलेला माणूस असावा, कारण द्राक्षाचा घड हातात घेतल्यावर तो आधी देठ बघायचा. त्याच्या हातात टिकटिक होतं, म्हणजे अंगठ्यानं दाबलं की एक आकडा पुढं सरकणारं छोटं यंत्र.

पॅकहाऊसमध्ये सगळ्यांना केस झाकायला जाळीची टोपी घालावी लागते. नानांनी पांढरी टोपी काढली नाही, तिच्यावरून जाळीची टोपी घातली. वर निळा कोट, खाली धोतर. ऑफिसातली ऋतुजा, नाशिकहून रोज स्कूटीवर यायची, तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

एका पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर, एकशे दहा पेट्या. माणसं पेट्या रचायची, नाना पुकारायचे, बेनितो टिकटिक दाबायचा, मी कागदावर खूण करायची. प्रत्येक पॅलेटला मोजणी नव्यानं सुरू.

"लाऽऽभ," नाना म्हणाले. पहिली पेटी पॅलेटवर बसली. "दोऽस. त्रेऽस. क्वाऽऽत्रो."

बेनितोचे डोळे मोठे झाले. मग तो हसला. सगळ्या तोंडानं हसला. बाळासाहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. नानांचा आवाज पत्र्याच्या छपराला लागून खाली येत होता. बारा वर्षांनी त्यांना पुकारायला मिळालं होतं. कातोर्से, किन्से, मग बेइन्ते, म्हणजे वीस. रचणाऱ्या माणसांचे हात त्या तालावर चालायला लागले. दुपारच्या जेवणापर्यंत असंच चाललं असतं तर मला ही गोष्ट सांगायची गरज नव्हती.

"सिएन्तो दिएऽस," नाना म्हणाले. एकशे दहा.

बेनितोनं हातातलं यंत्र बघितलं. दुसरं पॅलेट. लाभपासून सिएन्तो दिएसपर्यंत. त्यानं परत यंत्र बघितलं. तिसऱ्या पॅलेटला त्यानं हात वर केला आणि यंत्र माझ्यापुढं धरलं. एकशे नऊ. तिन्ही वेळा एकशे नऊ.

मला तिथंच कळलं. पहिल्या पेटीला तो दाबतच नव्हता. लाभ हा त्याला माणसांना दिलेला इशारा वाटत होता, चला, लागा कामाला, तसला. तो दोसला पहिल्यांदा दाबत होता. त्याच्या हिशोबानं आम्ही प्रत्येक पॅलेटमागं एक पेटी खात होतो.

बाळासाहेबांचा चेहरा उतरला. "परत मोजा," ते म्हणाले. "उतरवा सगळं."

रचणारी माणसं नानांकडं बघायला लागली. छत्तीस वर्षांत नानांची मोजणी कुणी परत केली नव्हती. व्यापारी आणि शेतकरी एकमेकांचा गळा धरायचे, पण मापाला हात लावत नसत.

नाना म्हणाले, "मोजा की. पेट्या काय पळून चालल्या."

चौघांनी पॅलेट उतरवलं. बेनितोनं स्वतः बोट लावून लावून मोजलं. एकशे दहा भरल्या.

मग त्यानं नानांकडं बोट केलं आणि मला विचारलं, "फर्स्ट. व्हॉट ही से? फर्स्ट?"

ऋतुजा माझ्या मागं उभी होती. हळूच म्हणाली, "लाभ म्हणतायत. शुभ कुठं राहिलं? दारावर?"

दोघी-तिघी हसल्या.

सेइस

मी बेनितोला म्हटलं, "लकी. फर्स्ट बॉक्स, लकी वर्ड." त्याला कळलं. तो म्हणाला, त्यांच्याकडंही जुनी माणसं असं काहीतरी करतात. त्यानं नानांच्या खांद्यावर थाप मारली आणि स्वतः एकदा म्हणून बघितलं, "लाब." सगळे हसले. मग तो पुढची सगळी पॅलेटं लाभला टिकटिक दाबत गेला. कंटेनर भरला आणि मला ऑफिसात खुर्ची मिळाली.

ही गोष्ट मी अशीच ऑफिसात नंतर आलेल्यांना सांगितली आहे. माझ्या साखरपुड्यात सांगितली आहे. नव्या मुलींना शिकवताना दर हंगामात सांगते. लोकांना आवडते.

सेइस, उतरवून परत मोजलेलं

खरं तर मी म्हटलं, "नो साबे कोन्तार." त्याला मोजता येत नाही.

शब्द नव्हते म्हणून म्हटलं असंही मी स्वतःला सांगून बघितलं. माझ्याकडं स्पॅनिशची तेवढीच तर तीन वाक्यं होती, जे तोंडात होतं ते निघालं, असं. पण लकी हा शब्द मला येत होता. बेनितोलाही येत होता. ऋतुजा हसली होती आणि नानांच्या टोपीवरची जाळीची टोपी वाकडी झाली होती, आणि बाळासाहेब माझ्याकडं बघत होते. मला त्या क्षणी नानांपासून दोन हात लांब उभं राहायचं होतं. मी खरोखर एक पाऊल सरकलेसुद्धा. बेनितोच्या बाजूला.

"नो साबे कोन्तार," मी म्हटलं. आवाज बारीक नव्हता.

बाळासाहेबांनी विचारलं, "काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्यांचं वय झालंय."

"बरं केलंस." ते नानांकडं वळले. "नाना, तुम्ही बसा आता जरा. पमा पुकारेल. चहा घ्या."

नाना माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. पायली हवेत धरून थांबायचे, तसे. पुढचा आकडा मी दुरुस्त करीन म्हणून वाट बघितल्यासारखे.

मी कागद ऋतुजाकडं दिला आणि पुढं झाले.

"उनो," मी म्हटलं.

सिएते

माझा आवाज पोचत नव्हता. रचणारे मध्येच थांबायचे, काय म्हणाली विचारायचे. तरी चाललं. बेनितो दाबत होता, मी म्हणत होते. नाना भिंतीशी रिकाम्या क्रेटवर बसले होते. कुणीतरी चहाचा कप दिला होता, तो त्यांच्या हातात तसाच होता.

एकोणसत्तरला मी पोचले. सेसेन्ता ई नुएवे. पुढं काही नाही.

बाजरी मोजताना मी कधी इथं अडले नव्हते. सत्तर. सत्तर म्हणजे काय. माणूस पेटी हातात धरून उभा होता. बेनितोचा अंगठा वर होता. सेसेन्ता म्हणून झालं होतं, आता त्याच्यासारखंच दुसरं काहीतरी होतं. मी मनगट हलवून बघितलं. लोकांदेखत, रिकामं मनगट, पायली भरल्यासारखं. ऋतुजा परत हसली.

"सेतेऽन्ता," मागून आवाज आला.

नानांनी ते नेहमीसारखं ओढून म्हटलं होतं, पण हळू. क्रेटवरून उठले नव्हते.

पेटी बसली. टिकटिक झालं. बेनितोनं मान वळवून नानांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पेरो साबे," तो म्हणाला.

पेरो म्हणजे पण. चौथ्या धड्यात होतं. पण येतं त्याला.

तो हसत नव्हता. मी काय उत्तर देते त्याची वाट बघत होता. बाळासाहेबही बघत होते, काय चाललंय म्हणून. तेव्हाही वेळ गेली नव्हती. लकी म्हणायला एक सेकंद लागतो.

"सेतेन्ता ई उनो," मी म्हटलं. एकाहत्तर.

एकशे दहाला मी मागं बघितलं. क्रेटवर कप ठेवलेला होता, त्याच्यावर घडी करून जाळीची टोपी. निळा कोट खुंटीला.

ओचो

दुपारी ऑफिसातली खुर्ची मिळाली. फिरती होती. मी तिच्यावर बसले आणि फिरवली नाही.

घरी गेले तेव्हा नाना पोतं शिवत होते. मी म्हटलं, "बाळासाहेब म्हणाले, तुमचा दिवस पूर्ण धरणार."

"धरू दे."

"नाना, त्याला कळत नव्हतं लाभ म्हणजे काय."

"कसं कळंल," नाना म्हणाले.

आईनं पेढे आणायला दहा रुपये दिले. पेढे नानांनी खाल्ले. गोड आहेत म्हणाले. मी मनात म्हटलं, त्यांनी ते वाक्य ऐकलं नसेल. पत्र्याखाली किती आवाज असतो. ऐकलं असलं तरी त्यांना वाटलं असेल, मी स्वतःबद्दलच बोलतेय. नो से, नो साबे, ऐकायला जवळजवळ सारखंच. सीडीवर महिनाभर ज्यांनी ते माझ्याबरोबर ऐकलं, मला त्याच वाक्यानं चिडवलं, त्यांना फरक कळला नसेल असं मी मानून घेतलं.

चैत्रात वर्षाचे गहू आले. दरवर्षी नाना पायलीनं मोजून पोत्यात भरायचे. काटा आला तरी घरचे गहू पायलीनंच. आईनं पोत्याचं तोंड धरलं, मी उंबऱ्यात बसले. नानांनी पायली भरली, सपाट केली, ओतली.

"एक," ते म्हणाले.

आईचा हात थांबला. "अहो. लाभ म्हणा."

नानांनी दुसरी भरली. "दोन."

"अहो, पहिली काय म्हणालात? वर्षाचं धान्य आहे."

"मापाड्यानं म्हणायचं असतं ते," नाना म्हणाले. "तीन."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला काही माहीत नव्हतं. मी उठून आत गेले आणि पाणी प्यायले, तहान नसताना.

नुएवे

पुढच्या फेब्रुवारीत बेनितो परत आला. ऑफिसात आल्या आल्या त्यानं खिशातून एक छोटी डबी काढली. आत नवं टिकटिक होतं, पितळी रंगाचं. आता माझं स्पॅनिश बरंच पुढं गेलं होतं. मला सगळं कळलं. तो म्हणाला, "हे त्या गृहस्थांसाठी, जे गाऊन मोजतात. कुठं आहेत ते? मी घरी गेल्यावर वडलांना सांगितलं त्यांच्याबद्दल. माझे वडील ऑलिव्ह मोजायचे तेव्हा तेही असेच ओढून म्हणायचे. तो पहिला शब्द काय होता, तो मला विचारायचाय त्यांना."

मी स्कूटी काढून घरी गेले. नाना उन्हात बसून पोत्याला टाके घालत होते.

"नाना, तो स्पेनचा बेनितो आलाय. तुम्हाला बोलावलंय. भेट आणलीय तुमच्यासाठी."

दाभण आत गेलं, बाहेर आलं.

"लाभ म्हणजे काय ते तुमच्याकडून ऐकायचंय त्याला. मी असेन ना शेजारी, मी सांगते त्याला त्याच्या भाषेत. आता मला सगळं सांगता येतं."

"आता येतं," नाना म्हणाले.

"चला ना. कोट आणलाय मी."

त्यांनी सुतळी दातानं तोडली. गाठ मारली. मग वर बघितलं.

"त्याला सांग," ते म्हणाले, "नो से कोन्तार."

सीडीतल्या बाईसारखं, अगदी तसंच, प्रत्येक शब्द सुटा. मला मोजता येत नाही.

नानांनी दुसरं पोतं ओढलं. "उन्हात कशाला उभी राहू राहिली," ते म्हणाले. "चहा ठेवलाय आईनं. पिऊन जा."

मी बेनितोला सांगितलं, वडील परगावी गेलेत. टिकटिकची डबी माझ्या टेबलाच्या खणात राहिली. नानांना मी ती कधी दाखवली नाही. त्यांनी कधी विचारली नाही. चौदा वर्षं त्यांनी चैत्रात गहू मोजले आणि चौदा वेळा पहिल्या पायलीला एक म्हटलं. आईनं दुरुस्त करायचं सोडून दिलं.

( )

ह्या भागाला आकडा नाही.

नाना गेल्याला ह्या चैत्रात वर्ष झालं. गहू आले तेव्हा मी माहेरी होते. आई म्हणाली, "काट्यावर घालू का? गिरणीवाला येतो घरी." मी म्हटलं, नको.

पायली माळ्यावर होती. मी चिंच लावून ती घासली. कड इतकी पातळ झालीय की बोट कापेल. आईनं पोत्याचं तोंड धरलं. तिचे हात आता थरथरतात, म्हणून तिनं पोतं गुडघ्यांत दाबून धरलं.

मी पायली भरली. तळहातानं सपाट केली.

"म्हण," आई म्हणाली.

मी पायली उचलून धरली होती. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. ह्या वर्षी तरी पहिल्या पायलीला लाभ म्हटलं जाईल असं तिला वाटत असावं.

"म्हण की."

मी पायली ओतली. गहू पोत्याच्या तळाशी पडल्याचा आवाज आला. तेवढाच.

मी परत वाकले, दुसरी भरली, सपाट केली, पोत्यावर नेली, आणि दाणे पडून संपेपर्यंत आकडा ओढला.

"दोऽऽस."